सात महिने मसल टेस्टिंग: हात खाली गेला आणि शेंगदाणे बंद झाले

आधी हिशेब सांगते, कारण रिव्ह्यू उघडला की मीही आधी तेच शोधते. हात दाबून कोणतं खाणं बाधतं ते सांगणाऱ्या एका बाईंकडे मी सात महिने जात होते. पहिली भेट 180 डॉलर, पुढे दर पंधरा दिवसांनी 95, आणि सप्लिमेंटच्या बाटल्या वेगळ्या. सात महिन्यांत दोन हजारांच्या वर गेले, इन्शुरन्सने एक पैसा दिला नाही. पाचपैकी दीड स्टार देतेय. शून्य का नाही, ते पुढे कळेल.

तक्रार तशी किरकोळच होती. जेवलं की पोट डब्ब व्हायचं आणि दुपारी तीननंतर अंगात त्राण उरायचं नाही. त्यात कोजागरीला मंडळाच्या कार्यक्रमात मसाला दूध प्यायले आणि रात्रभर पोट ढोलासारखं. पोटाच्या डॉक्टरची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळत होती. तेव्हा मंडळातल्याच एका मैत्रिणीने या बाईंचं नाव सुचवलं. "रक्त नाही, सुई नाही, शरीर स्वतःच सांगतं," असं म्हणाली. तिची मायग्रेन थांबली होती म्हणे. आम्ही राहतो डेट्रॉइटच्या पश्चिमेला, नोव्हायला. बाईंचं क्लिनिक घरापासून बारा मिनिटांवर. गेले.

खोली छान होती, घाई अजिबात नाही. पहिल्या भेटीत पाच पानांचा फॉर्म आणि पाऊण तास गप्पा. काय खाता, कशाने त्रास होतो, झोप कशी, सासरचं काय, माहेरचं काय. मी सगळं सांगितलं, कोजागरीचं दूधसुद्धा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग प्रत्यक्ष टेस्ट. उजवा हात बाजूला, खांद्याच्या उंचीवर सरळ धरायचा. बाई मनगटाच्या जरा वर दोन बोटं ठेवतात, "धरून ठेवा" म्हणतात आणि खाली दाबतात. आधी माझं खरं नाव म्हणायला लावलं: हात जागचा हलला नाही. मग "माझं नाव सुझन" म्हणायला लावलं, आणि हात गेला की खाली! मी हसायला लागले. त्यानंतर डाव्या मुठीत एकेक काचेची इवलीशी बाटली द्यायला लागल्या, होमिओपॅथीच्या गोळ्यांची असते तशी, आत पाण्यासारखं काहीतरी. तांदूळ, हात ठाम. बटाटा, ठाम. दूध, हात खाली. गहू, खाली. शेंगदाणे तर असे खाली की खांदा निखळतोय असं वाटलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. हे नाटक नव्हतं. मी हात मुद्दाम सोडला नव्हता, खरोखरच ताकद गेल्यासारखी वाटली. ज्यांनी करून घेतलेलं नाही ते "तूच सोडला असशील" म्हणून उडवून लावतात, त्यांनी एकदा करून बघावं. म्हणून तर मी सात महिने टिकले.

ही पद्धत आमच्याच गावची निघाली, हे मला नंतर कळलं. 1964 साली डेट्रॉइटमधल्या जॉर्ज गुडहार्ट नावाच्या कायरोप्रॅक्टरने, म्हणजे हातांनी मणका-सांधे दाबून उपचार करणाऱ्याने, ती सुरू केली. त्याच्याकडे आलेल्या एका तरुणाचं खांद्याचं पातं मागे पंखासारखं बाहेर यायचं. ते जागेवर धरून ठेवणारा स्नायू कमजोर होता. गुडहार्टने तो स्नायू बरगड्यांना जिथे चिकटतो तिथे हाताला लागलेल्या गाठी दाबल्या, आणि हातात लगेच जोर आला, अशी मूळ कथा. इथपर्यंत मला काही खटकत नाही. पण तिथून त्याने प्रत्येक स्नायूची जोडी एकेका अवयवाशी लावली, मग त्यात चिनी अ‍ॅक्युपंक्चरच्या वाहिन्या आणल्या, आणि नाव दिलं अप्लाइड किनेसिऑलॉजी. 1973 मध्ये त्याचाच एक सहकारी जॉन थाय याने "टच फॉर हेल्थ" काढून ते घराघरांत नेलं. बाटली मुठीत धरायचा जो प्रकार माझ्यावर झाला, त्याची सर्वांत प्रसिद्ध शाखा केरळातून कॅलिफोर्नियाला आलेल्या देवी नंबुद्रिपाद यांनी 1983 च्या सुमाराला सुरू केली. म्हणजे बघा, डेट्रॉइट, चीन आणि केरळ एका मुठीत.

आता स्नायूंची ताकद हाताने तपासणं हे मुळात खोटं नाही. ते पोलिओतून आलं. बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या सहायक विल्हेल्मीन राइट यांनी 1910 च्या दशकात पोलिओ झालेल्या मुलांचा कोणता स्नायू किती गेलाय हे मोजायला ती पद्धत बसवली. गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याचा खांदा आखडला होता, तेव्हा फिजिओथेरपिस्ट त्याचा हात अशीच दाबून बघायची आणि शून्य ते पाचमध्ये गुण द्यायची. फरक एवढाच की ती खांदा दाबून खांद्याबद्दल बोलायची. शेंगदाण्याबद्दल नाही.

आता शेंगदाणे. मराठी स्वयंपाकातून दाण्याचा कूट काढून घेणं म्हणजे काय, हे ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. काकडीची कोशिंबीर गेली, साबुदाण्याची खिचडी गेली, भरली वांगी गेली, डब्यातली चटणी गेली. गहू बंद म्हणजे पोळी बंद. मी रोज ज्वारीची भाकरी थापायला लागले, त्यात इथलं पीठ जुनं, त्याला चिकटपणा नाही, कडा फाटायच्या. घरात दोन स्वयंपाक. आणि चौथ्या महिन्यात टोमॅटो पण "कमजोर" निघाला.

पहिल्या महिन्यात बरं वाटलं हेही लिहायलाच हवं. पोट खूपच हलकं झालं. मी चार जणींना बाईंचा नंबर दिला. त्यातल्या दोघी अजून जातात आणि माझ्यावर जरा नाराज आहेत.

जानेवारीत आई आली, कुडाळहून. थंडीने कावलेली, पण डोकं नेहमीसारखं चालू. एकदा मी तिला सोबत घेऊन गेले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून तिने सगळं पाहिलं आणि गाडीत बसल्यावर म्हणाली, "अगो, हा कौलच की." आमच्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीवर ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी म्हटलं, "आई, हे वेगळं आहे गं." तर म्हणते, "वेगळं आहेच. गुरव कळीला हात लावत नाही. इथे विचारणारीच पाडते."

घरी येईपर्यंत मी गप्प होते.

लेक अ‍ॅन आर्बरला शिकते. वीकेंडला आली तेव्हा आजीने तिलाही सांगितलं, आणि मग काय, डायनिंग टेबलाची प्रयोगशाळा झाली. सप्लिमेंटच्या रिकाम्या पांढऱ्या बाटल्या भरपूर होत्याच. अर्ध्यांत दाणे, अर्ध्यांत तांदूळ, आवाज येऊ नये म्हणून वर कापूस. पहिल्या फेरीत बाटल्यांवर नावं. नवरा दाबणार, मी हात धरणार. दहापैकी दहा वेळा दाण्याला हात खाली, तांदळाला वर. नवरा थक्क. मग लेकीने आतल्या खोलीत जाऊन बाटल्यांवर नुसते आकडे घातले, यादी स्वतःच्या खिशात ठेवली, बाटल्या आजीच्या हाती देऊन ती आतच थांबली. म्हणजे ओळखीचा चेहराही समोर नको. 24 वेळा केलं. 11 बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते.

मला जास्त हादरवलं ते त्यापुढच्याने. इंडियाला जाताना बॅगा तोलायचा हुकाचा काटा असतो ना, तो लेकीने माझ्या मनगटाला पट्ट्याने अडकवला आणि बाबांना म्हणाली, बोटांनी दाबू नका, हा खाली ओढा. पुन्हा नावांच्या बाटल्या. तांदळाच्या वेळी काटा चार-साडेचार किलोवर थांबायचा, "हां, ठाम आहे" म्हणून तो सोडून द्यायचा. दाण्याच्या वेळी सहापर्यंत जायचा. नवरा शपथेवर सांगत होता की दोन्ही वेळा सारखंच ओढलं. तो खोटं बोलत नव्हता. काटाही नाही. आणि मी? दाणे हातात आल्यावर मीही क्षणभर आधीच हार मानत असणार. दोघांनाही उत्तर माहीत, दोघांनाही आपण काही करतोय याचा पत्ता नाही. यात जागेचा खेळही आहे: कोपराजवळ दाबण्यापेक्षा मनगटाजवळ तेवढाच जोर जवळपास दुप्पट भारी पडतो. दोन बोटं इंचभर सरकली, दाब अर्ध्या क्षणाने लवकर आला, तरी निकाल बदलतो.

ही गंमत जुनी आहे. आपल्या नकळत आपले स्नायू मनातलं करून मोकळे होतात, याला विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने 1852 मध्येच नाव दिलं होतं. ओरेगनचे मानसशास्त्रज्ञ रे हायमन यांनी एक किस्सा लिहिलाय. काही कायरोप्रॅक्टर मंडळींनी दाखवलं की जिभेवर ग्लुकोजचा थेंब ठेवला की हात कमजोर, फळांतली साखर ठेवली की ठाम. मग कोणता थेंब आहे हे दोन्ही बाजूंना न कळू देता केलं, आणि फरक नाहीसा झाला. त्यावर त्यांचा प्रमुख म्हणाला की बघा, म्हणूनच आम्ही डबल-ब्लाइंड करत नाही, ते कधी जमतच नाही! 1988 मध्ये तर तीन अनुभवी तपासनिसांनी अकरा जणांचं जस्त, थायमिन, अ आणि क जीवनसत्त्व हाताच्या ताकदीवरून सांगितलं. ते एकमेकांशीही जुळलं नाही आणि लॅबच्या तपासणीशीही.

लेकीच्या कॉलेजात रॅकहॅम नावाची इमारत आहे. 12 एप्रिल 1955 ला तिथे डॉ. थॉमस फ्रान्सिस यांनी साल्कची पोलिओची लस काम करते असं जाहीर केलं. 18 लाख मुलांची चाचणी. ज्या भागांत काही मुलांना खोटं इंजेक्शन दिलं होतं, तिथे कोणाला काय टोचलंय हे मुलांना माहीत नव्हतं आणि त्यांचे स्नायू तपासणाऱ्यांनाही नाही. लव्हेट आणि राइटनी घडवलेलं हेच हत्यार, फक्त डोळ्यांवर पट्टी बांधून. गुडहार्टचं गाव तिथून तासाभरावर आणि साल नऊच वर्षं पुढचं.

पुढच्या भेटीला मी बाटल्या घेऊन गेले. भांडायला नव्हे, खरंच. म्हटलं, आकड्यांच्या बाटल्यांवर दहा वेळा करून बघूया का? बाई रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या की मनात शंका असेल तर शरीर उत्तर देत नाही. मी विचारलं, मग गव्हाचं उत्तर कसं दिलं, तेव्हाही मला शंकाच होती. त्यावर त्यांनी माझी बाजू बदलली, डावा हात घेतला, आणि "शंका" या शब्दावर दाबला. तो खाली गेला.

शेवटी पोटाच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. गव्हाने आतडं बिघडवणाऱ्या सिलिअ‍ॅक या आजाराची रक्ततपासणी करायची तर गहू खाण्यात असावा लागतो, नाहीतर आजार असला तरी रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मी तर सात महिने पोळी सोडलेली. म्हणजे सहा आठवडे रोज पोळ्या खा, मग रक्त द्या. असं औषध कोणाला मिळतं! रिपोर्ट नॉर्मल आला. शेंगदाण्याची त्वचेवरची चाचणी केली, काही नाही. दुधाची मात्र निघाली. उपाशीपोटी लॅक्टोजचं पाणी प्यायला देतात आणि तीन तास ठरावीक वेळाने फुंकायला लावतात, श्वासातला हायड्रोजन मोजतात. माझा आकडा चांगलाच चढला. दुधातली साखर मला पचत नाही. दही चालतं, चहातलं चमचाभर दूधही चालतं, कोजागरीचा पेला चालत नाही.

"मग बाईंचं दूध बरोबरच निघालं की," मैत्रीण म्हणाली. हो, निघालं. पण ते मीच पहिल्या दिवशी फॉर्मवर लिहून दिलं होतं. पहिल्या महिन्यात पोट हलकं झालं तेही दूध सुटल्यामुळे. बाकीचं सगळं फुकटच सोडलं होतं.

एक स्टार त्या पहिल्या पाऊण तासासाठी. इतकं मन लावून माझ्या पोटाबद्दल कोणत्याही डॉक्टरने विचारलेलं नाही, आणि डॉक्टरमंडळींनी हे वाचलं तर बरं. अर्धा स्टार यासाठी की न उघडलेल्या दोन बाटल्या त्यांनी कुरकुर न करता परत घेतल्या. तुम्हाला जायचंच असेल तर ज्या खाण्याचा संशय आहे ते सोडण्याआधी रक्त देऊन या, आणि फॉर्मवर शेंगदाण्याबद्दल काही लिहू नका.

उघडलेल्या चार बाटल्या अजून पडून आहेत. एकीत आईने जाताना जायफळ ठेवलंय.