टीईएस की केआयडी? अतिसंवाहक डिटेक्टरच्या कामात उतरण्याआधी

खगोलशास्त्रासाठी अतिसंवाहक डिटेक्टर बनवायचे ठरवले की पहिला प्रश्न हाच येतो: ट्रान्झिशन एज सेन्सर, म्हणजे टीईएस, की कायनेटिक इंडक्टन्स डिटेक्टर, म्हणजे केआयडी? पीएचडीचा विषय शोधणाऱ्यालाही तो पडतो आणि नवी प्रयोगशाळा उभारणाऱ्यालाही. क्रायोस्टॅट (अतिशीत तापमान राखणारे यंत्र) कोणता घ्यायचा, इलेक्ट्रॉनिक्स कोणते, कुठले कौशल्य असलेली माणसे लागतील, हे सारे पुढे त्यावरच ठरते.

बहुतेक जण दोघांच्या संवेदनशीलतेचे आकडे शेजारी मांडतात. मला ती तुलना अपुरी वाटते. जमिनीवरच्या मिलिमीटर दुर्बिणींवर दोन्ही प्रकारचे चांगले डिटेक्टर आता अशा पातळीला पोहोचले आहेत, की आकाशातून येणाऱ्या फोटॉनांचा (प्रकाशकणांचा) स्वतःचा गोंगाट डिटेक्टरच्या गोंगाटाला झाकून टाकतो. खरा फरक आहे तो डोकेदुखी कुठे घ्यायची याचा. टीईएसमध्ये ती थंड भागातल्या जोडण्यांत असते. केआयडीमध्ये पातळ थराच्या गुणधर्मांत आणि नंतरच्या डेटात.

टीईएस म्हणजे संक्रमण तापमानावर, अतिसंवाहक आणि साध्या अवस्थेच्या मधोमध, रोखून धरलेला धातूचा पातळ थर. त्या अरुंद उतारावर किंचित उष्णता मिळाली तरी रोध झपाट्याने बदलतो. कल्पना 1940 च्या दशकातली, पण थर त्या उतारावर टिकवायचा कसा, हे कोडे बराच काळ सुटत नव्हते. 1995 मध्ये केंट अर्विन यांनी दाखवलेला मार्ग मला अजूनही फार सुंदर वाटतो. विद्युतदाब स्थिर ठेवा. थर तापला की रोध वाढतो, रोध वाढला की त्यात खर्च होणारी वीज घटते, आणि थर आपोआप मूळ जागी परततो. जुळवून घेण्याचे काम डिटेक्टर स्वतःच करतो.

विद्युतप्रवाहातला हा बदल मोजायला मात्र स्क्विड, म्हणजे अतिसंवाहक चुंबकीय संवेदक, लागतात, आणि तेही थंडीतच. डिटेक्टरची चिप, अनेक पिक्सेल थोड्या तारांवरून वाचणाऱ्या मल्टिप्लेक्सरची चिप, त्यांच्यातल्या हजारो बारीक तारा, चुंबकीय क्षेत्रापासून संरक्षण: टीईएसवाल्यांचा वेळ जातो तो इथे. तरीही या मार्गाने मोठी कामे झाली आहेत. दक्षिण ध्रुवावरच्या बिसेप2 दुर्बिणीत 512 टीईएस होते, हवाईतल्या स्कुबा-2 कॅमेऱ्यात सुमारे 10,000, आणि चिलीच्या अटाकामातल्या सायमन्स वेधशाळेत सुमारे 60,000 आहेत.

केआयडीची मांडणी 2003 मध्ये कॅल्टेक आणि जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या गटाने प्रसिद्ध केली. इथे फोटॉन कूपर जोड्या (अतिसंवाहकात जोडीने वाहणारे इलेक्ट्रॉन) फोडतो, त्यामुळे थराचे इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) वाढते आणि त्यातून कोरलेल्या रेझोनेटरची (ठरावीक वारंवारतेला प्रतिसाद देणाऱ्या सर्किटची) वारंवारता किंचित खाली सरकते. प्रत्येक पिक्सेलला वेगळी वारंवारता दिली की एकाच केबलवरून शेकडो, प्रसंगी हजारावर पिक्सेल वाचता येतात. थंड भागात उरतो तो एक अ‍ॅम्प्लिफायर; बाकी सगळे काम खोलीच्या तापमानावरच्या इलेक्ट्रॉनिक्सकडे. स्पेनमधल्या पिको व्हेलेटावरच्या 30 मीटर दुर्बिणीवरचा निका2 कॅमेरा असाच सुमारे 2,900 केआयडींवर चालतो.

अडचणी वेगळ्या ठिकाणी निघतात. वेफरवर (ज्या चकतीवर डिटेक्टर घडवतात तिच्यावर) थराची जाडी जराशी बदलली तरी रेझोनन्स सरकतात, एकमेकांवर चढतात आणि ते पिक्सेल हातचे जातात. डायइलेक्ट्रिकमधल्या (विद्युतरोधक पदार्थातल्या) दोषांमुळे वारंवारता थरथरते. आकाशाची चमक बदलली की सगळे रेझोनन्स हलतात, त्यामुळे कॅलिब्रेशन सतत जागते ठेवावे लागते. शिवाय अ‍ॅल्युमिनियमच्या केआयडीला सुमारे 90 गिगाहर्ट्झखालचा फोटॉन दिसतच नाही, कारण त्याच्यात कूपर जोडी फोडण्याइतकी ऊर्जा नसते. वैश्विक पार्श्वप्रारणाच्या 30-40 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करायचे असेल, तर निर्णय जवळजवळ टीईएसच्या बाजूने लागतो.

क्ष-किरणांतही मी टीईएसच सुचवेन. काही हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या फोटॉनची ऊर्जा तो दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्टच्या अचूकतेने सांगतो. युरोपीय अथेना या क्ष-किरण अवकाश मोहिमेच्या एक्स-आयएफयू उपकरणासाठी त्याचीच निवड झाली. दृश्य आणि जवळच्या अवरक्त प्रकाशात मात्र पारडे केआयडीकडे झुकते. सिलिकॉनच्या सीसीडीत (नेहमीच्या कॅमेऱ्यातल्या प्रकाशसंवेदक चिपमध्ये) दृश्य प्रकाशाचा एक फोटॉन एकच इलेक्ट्रॉन सोडतो, त्यामुळे त्याचा रंग कळत नाही. अतिसंवाहकातली ऊर्जेची दरी, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, हजारो पटींनी अरुंद असल्याने तोच फोटॉन हजारो क्वासिपार्टिकल (फुटलेल्या कूपर जोड्यांतून सुटलेले कण) निर्माण करतो. त्यांच्या संख्येवरून फोटॉनची ऊर्जा ढोबळपणे समजते आणि येण्याची वेळ मायक्रोसेकंदांपर्यंत. पालोमारवर 2011 मध्ये लागलेल्या आर्कॉन्स कॅमेऱ्यात असे 2,024 पिक्सेल होते. सुबारू दुर्बिणीवरच्या मेक कॅमेऱ्यात सुमारे 20,000.

यात दोघेही न बसणारी कामे आहेत. रेणूंच्या रेषांचे अतिसूक्ष्म वर्णपट हवे असतील तर अल्मा या चिलीतल्या रेडिओ दुर्बिणीसारखे एसआयएस मिक्सर (येणारी लहर कमी वारंवारतेवर आणणारे अतिसंवाहक उपकरण) घ्या. फोटॉनच्या वेळेची अचूकता पिकोसेकंदांत हवी आणि रंग नको असेल, तर अतिसंवाहक नॅनोवायर.

गट लहान असेल, स्क्विडचा अनुभव नसेल आणि निरीक्षण 100 गिगाहर्ट्झच्या वर असेल, तर मी अ‍ॅल्युमिनियमच्या एकाच थराच्या केआयडीने सुरुवात करायला सांगेन. एक लिथोग्राफी (थरावर आराखडा कोरण्याची प्रक्रिया), 250 मिलीकेल्विनच्या आसपास उतरणारा क्रायोस्टॅट आणि एक, वारंवारतेनुसार सर्किटचा प्रतिसाद मोजणारा नेटवर्क अ‍ॅनालायझर असला की पहिल्याच थंडाव्यात किती रेझोनन्स जिवंत आहेत ते पडद्यावर मोजता येते. हाताशी स्क्विडची जाणकार माणसे आधीपासून असतील, तर मात्र टीईएस सोडू नका.