गरम पाण्याची सोय बदलताय? कार्बनचा, खर्चाचा की जीवनचक्राचा हिशोब धरायचा

सोलापुरात सूत रंगवणाऱ्या कारखानदारापुढे गरम पाण्यासाठी सध्या चार वाटा असतात. जुना कोळशाचा बॉयलर रेटायचा, तो ब्रिकेटवर (बगॅस, पाचट असा शेतीचा कचरा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांवर) न्यायचा, हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणारा विजेवरचा हीट पंप घ्यायचा, नाहीतर छतावर सोलर वॉटर हीटर चढवायचा. पर्यावरणाला बरा कोणता, असं विचारलं तर प्रत्येक विक्रेता आपलाच माल पुढे करणार. म्हणून आकडे मांडायला हवेत. पण मांडायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि त्या सगळ्या एकाच पर्यायाला पहिला नंबर देत नाहीत.

कुठलीही पद्धत घ्या, हिशोब वर्षाचा नको, एक किलो रंगवलेल्या सुताचा करा. नाहीतर मंदीत माग थंडावले की कारखाना कागदावर आपोआप 'हिरवा' होतो.

सर्वांत सोपा कार्बनचा हिशोब. हजार लिटर पाणी ३० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला ३०,००० किलोकॅलरी, म्हणजे साधारण ३५ युनिट उष्णता लागते. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर साध्या विजेच्या हीटरवर २४ किलो होतो. ७० टक्के कार्यक्षमतेच्या कोळशाच्या बॉयलरवर १७ किलोच्या आसपास. हीट पंप एका युनिटच्या बदल्यात तीन युनिट उष्णता देत असेल तर ८ किलो. (८० अंशांचं पाणी हवं असेल तर हे तिपटीचं गणित ढिलं पडतं. विक्रेत्याकडून तुमच्या तापमानाचा आकडा लिहून घ्या.) लाईट बिल, कोळशाच्या पावत्या आणि कॅल्क्युलेटर एवढ्यावर हे एका बैठकीत होतं.

मग ब्रिकेट? इथेच खरी गंमत आहे. पिकानं हवेतून घेतलेलाच कार्बन जळताना परत जातो, म्हणून तो जैविक कार्बन वेगळ्या रकान्यात दाखवतात आणि मुख्य बेरजेत ब्रिकेटचं जळण जवळपास शून्य दिसतं. कार्बनच्या तक्त्यात ब्रिकेट कोळशावर सहज मात करतो. पण धुराड्यातून निघणारी बारीक धूळ त्या तक्त्यात येतच नाही, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शेजारच्या शेडमधल्या कामगाराला तीच आधी जाणवते.

ही धूळ पकडते ती जीवनचक्र मूल्यांकनाची पद्धत, म्हणजे एलसीए. आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही तिची मानकं. कच्च्या मालापासून भंगारापर्यंतचा प्रवास ती मोजते: कार्बन, धूळ, पाण्यात जाणारे क्षार, जमीन, सगळं. ब्रिकेटबद्दल ती अडचणीचे प्रश्नही विचारते. हा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, तुम्ही उचलला नसता तर साखर कारखान्यानं त्याची वीज केली असती का? पाचट शेतात कुजून मातीला मिळालं असतं का, की पेटवलं गेलं असतं? उत्तराप्रमाणे ब्रिकेटचा नंबर वर-खाली होतो. हिशोबात काय धरलं आणि काय सोडलं, ही सीमारेषा कुठे आखली हे पाहिल्याशिवाय एलसीएच्या कुठल्याही रंगीत आलेखावर विश्वास ठेवू नका. काम वेळखाऊ आहे. ओपनएलसीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण इकोइन्व्हेंटसारखा माहितीसाठा विकत घ्यावा लागतो.

जीवनचक्र खर्च, म्हणजे यंत्राच्या पूर्ण आयुष्याचा पैशांचा हिशोब, हा तिसरा. आपल्याकडे 'पैसे किती दिवसांत वसूल?' एवढंच विचारतात. त्या हिशोबात वसुलीनंतरची वर्षं गळून पडतात. समजा एखादं यंत्र दरवर्षी २ लाख वाचवतं आणि दहा वर्षं टिकतं. १० टक्के व्याजदरानं त्या बचतीची आजची किंमत १२.३ लाख होते. देखभालीचा खर्च त्यातून वजा करून यंत्राची किंमत या आकड्याशी ताडून पाहा.

पाण्याचा हिशोब पुण्याच्या सल्लागाराच्या तक्त्यात शेवटी असेल, सोलापुरात तो वर हवा. उजनीच्या भरवशावरचं आणि नळाला कित्येक दिवसांआड पाणी पाहिलेलं हे शहर आहे. सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणारी यंत्रणा पाणी वाचवते, पण आरओ आणि बाष्पीभवनाला वीज-वाफ भरपूर खाते. नुसता कार्बन पाहणारा तिला नापास करेल. मी करणार नाही.

सगळ्या निकषांना गुण देऊन एकच बेरीज काढायची पद्धतही आहे. वजनं ज्यानं ठरवली, निकाल त्याचा.

माझं मत असं: माल देशातच विकत असाल तर कार्बन, जीवनचक्र खर्च आणि किलोमागे लिटर पाणी हे तीन रकाने एका कागदावर पुरेत. ब्रिकेट शर्यतीत असेल तर धुळीचा चौथा. परदेशी गिऱ्हाईक लेखी मागत असेल तरच पूर्ण एलसीए. आयात मालामागच्या कार्बनवर लागणाऱ्या युरोपच्या सीमा-कार्बन कराची भीती घालून कोणी एलसीए विकत असेल, तर त्या कराच्या सध्याच्या यादीत सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, खत, वीज आणि हायड्रोजन आहे, टॉवेल नाहीत, हे त्याला सांगा. आणि एलसीए करून घेतलाच, तर विजेचा आकडा भारताच्या ग्रिडचा घातलाय की युरोपातल्या एखाद्या देशाचा, हे पैसे देण्याआधी विचारा.