रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० वर हातघडणीची पत्र्याची पेट्रोलटाकी: हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा काढल्यावर

दिसण्याचा विषय आधीच संपवतो: टाकी सुंदर झाली आहे, गुडघ्याजवळची वळणे दोन्ही बाजूंना सारखी आहेत आणि उन्हात तिरके बघितले तरी पत्र्यात लाट दिसत नाही. पण ज्यांना अशी टाकी करून घ्यायची आहे त्यांना फोटोंचा फारसा उपयोग नाही. हातघडणीच्या टाकीचे आयुष्य खालच्या बाजूला ठरते: फ्रेमच्या नळीवर बसणाऱ्या टनेलमध्ये (टाकीखालच्या लांब खोबणीत), माउंटवर (टाकी फ्रेमला बसते त्या जागांवर), जोडांत आणि आतल्या कोऱ्या पत्र्यावर. तीन ऋतूंत जे काही चांगले-वाईट दिसले ते सगळे याच जागांवर दिसले, म्हणून लिहितोही त्यांच्याबद्दलच.

गाडी बीएस-६ प्रदूषण-नियमांच्या आधीची, कार्ब्युरेटरवाली. मूळ टाकी १३.५ लिटरची. ही अरुंद आहे: लांबी ४६ सेमी, रुंदी २४, उंची १६. या मापाच्या सरळ खोक्यात साडेसतरा लिटर बसतील, पण गोलाईत पाऊण हिस्साच उरतो, म्हणजे साधारण १३. त्यातून ७ बाय ८ सेमीच्या टनेलचे अडीच लिटर वजा केले की राहतात साडेदहा. हा हिशेब पत्रा कापायच्या आधी करावा. बाहेरून भरदार वाटणारी टाकी टनेलमुळे आत किती लहान होते, हे बहुतेकांना पहिल्यांदा पंपावरच कळते.

पत्रा १.२ मिमी सीआरसीए (थंड लाटून मऊ केलेले पोलाद), म्हणजे बाजारातला १८ गेज. आयएस ५१३ या भारतीय मानकातली डीडी (खोल घडाईची) ग्रेड मागावी; साधा पत्रा खोल वळणावर फाटतो. ८ बाय ४ फुटांचा अख्खा पत्रा २८ किलोच्या आसपास भरतो आणि एका टाकीला त्याचा निम्माही लागत नाही. २० गेज (०.९ मिमी) वापरला तर वजन साधारण एक किलोने घटते, पण वेल्डिंगला आणि ग्राइंडरला चुकायची जागाच राहत नाही. जीआय पत्रा मात्र अजिबात नको. त्यावरचे जस्त वेल्डमध्ये उकळून बारीक छिद्रे सोडते आणि त्याचा धूर छातीला वाईट.

घडाईत एकच गोष्ट नीट बघा: कारागीर पत्रा फक्त ताणतोय की कडेने आकसवतोही आहे? वाळूच्या पिशवीवर मोगरीने ठोकत गेले की पत्रा खोल होतो आणि त्याच प्रमाणात पातळ होतो. सगळी खोली ताणूनच काढली तर १.२ चा पत्रा फुगवट्यावर १ मिमीच्या खाली जातो, आणि तिथे अंगठा दाबला की टप्‌कन आत जाऊन परत बाहेर येतो. कडेला चुण्या घालून त्या ठोकून बसवल्या की कड आकसते, जाडी टिकते आणि आकार स्वतःच उभा राहतो. या टाकीत दोन्ही कुशी तशा केल्या आहेत. नंतर डॉलीवर (मागून धरायच्या पोलादी ठोकळ्यावर) हलक्या हातोडीने सगळे मठारून, म्हणजे ठोकून एकसारखे करून, घेतले आहे. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यांवर होते तेच काम, फक्त इथे ठोक्याची खूण मागे राहू द्यायची नाही. ज्याच्याकडे मठारायचा धीर नाही तो पुट्टीने भरतो. या टाकीवर पुट्टी दीड मिमीच्या वर कुठेही नाही. एक-सिलिंडर इंजिनाच्या थरथरीत जाड पुट्टीला तडा जातोच, आणि एकदा तडा गेला की झाकणाजवळ सांडलेले पेट्रोल त्यातून रंगाखाली शिरते.

जोड सगळे टिगचे (आर्गॉन वायूत टंगस्टनच्या टोकाने होणाऱ्या वेल्डिंगचे), पत्र्याला पत्रा टोकाला टोक भिडवून. एकावर एक चढवलेला जोड करायला सोपा असतो, पण त्या फटीत पाणी बसते आणि गंज आतून सुरू होतो. १.२ मिमीला ४५ ते ५० अँपिअर, १.६ मिमी टंगस्टन, मिनिटाला ८ ते १० लिटर आर्गॉन आणि ईआर७०एस-२ ची बारीक वायर, एवढ्यात काम होते. फट अशी असावी की नखही जाऊ नये. फट राहिली तर वायर जास्त पडते, उष्णता वाढते आणि पत्रा ओढला जातो. टॅक (आधीचे वेल्डचे ठिपके) दर २० ते २५ मिमीवर, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. वेल्ड थंड होताना जोडाच्या रेषेत पत्रा आकसून खोलगट होतो. तो डॉलीवर ठोकून परत ताणायचा असतो. हे न करता ग्राइंडर मारून रेघ सपाट केली तर आजूबाजूचा चांगला पत्रा खरवडला जातो, आणि काही महिन्यांनी पेट्रोलचा पहिला पाझर तिथूनच दिसतो. मिगने (वायर आपोआप सोडणाऱ्या वेल्डिंगने) केलेल्या टाक्यांत हे जास्त होते, कारण मिगचा जोड उंच आणि कडक असतो, तो मठारून बसत नाही.

या टाकीची पहिली तक्रार इथलीच. वेल्ड करताना आत आर्गॉन सोडलेला नव्हता. मग जोडाच्या आतल्या बाजूला काळी खपली तयार होते आणि ती पहिल्या काही आठवड्यांत थरथरीने सुटत राहते. कागदी इनलाइन फिल्टर होता म्हणून कार्ब्युरेटर वाचला. तरी फिल्टर दोनदा बदलावा लागला, मग कण येणे थांबले. करून घेणाऱ्याने टाकीत बारीक नळीने आर्गॉन सोडून जोड मारायचा आग्रह धरावा. थोडा जास्त गॅस जातो, पण पुढचा त्रास टळतो.

गळतीच्या चाचणीबद्दल कळकळीने सांगतो: टाकीला गॅरेजचा कॉम्प्रेसर थेट लावू देऊ नका. ३० बाय ३० सेमीच्या सपाट भागावर १ बार दाबाला सुमारे ९०० किलोचा जोर येतो. टाकी फुगते, टनेल उघडते आणि सगळी घडाई वाया जाते. जोड उसवला तर माणूस जखमी होतो. सोपी पद्धत अशी: टाकी पाण्याने काठोकाठ भरायची, झाकणाच्या जागी बूच घालून त्यातून दोन मीटर उंच पारदर्शक नळी वर न्यायची आणि नळीही भरायची. तळाला आपोआप ०.२ बार दाब मिळतो. जोड कोरडे पुसून खडू फासायचा आणि तासभर थांबायचे. जिथे छिद्र असेल तिथे खडू ओला होतो. नंतर टाकी त्याच दिवशी गरम हवेने वाळवायची, नाहीतर रात्रीतून आत तांबूस थर येतो.

माउंट हे या टाकीचे सर्वांत चांगले काम. माउंटची पट्टी सरळ १.२ च्या पत्र्याला वेल्ड केली तर वेल्डच्या कडेला पत्रा थकून चिरतो, हे ठरलेले. इथे आधी २ मिमीची, ६० बाय ६० ची, कोपरे गोल केलेली पाटी पत्र्याला जोडली आहे आणि माउंट त्या पाटीवर आहे. बोल्टमध्ये पोलादी स्लीव्ह आहे, त्यामुळे बोल्ट कितीही आवळला तरी रबर ठरावीकच दबते. रबर पूर्ण दाबून टाकले तर ते असून नसल्यासारखे. टनेल आणि फ्रेमच्या नळीमध्ये दोन्ही बाजूंना ८ ते १० मिमी मोकळी जागा आहे, वायरिंग कुठे घासत नाही. हँडल पूर्ण वळवल्यावर बोटे टाकीला लागत नाहीत, ही तपासणी टॅकच्या टप्प्यावरच गाडीवर ठेवून करायची. आजवर माउंटजवळ रंगालासुद्धा केसाएवढा तडा नाही.

आता पेट्रोलच्या वाटेबद्दल, कारण रोजच्या वापरात त्रास याचाच. टनेलमुळे टाकीचे खाली दोन कप्पे होतात. पातळी टनेलच्या माथ्याखाली गेली की कॉकच्या (पेट्रोलच्या तोटीच्या) विरुद्ध बाजूचे पेट्रोल तिकडेच अडकते. या मापात ते दीड लिटरहून जास्त भरते, म्हणजे टाकीत पेट्रोल असूनही गाडी बंद पडते. उपाय दोन: दोन्ही बाजूंना कॉक, किंवा दोन कप्पे जोडणारी खालची नळी. इथे ८ मिमीची जोडनळी आहे आणि ती काम चोख करते. पण टाकी उतरवायची झाली की ती काढावी लागते आणि पेट्रोल सांडते. गरम इंजिनावर हे धोक्याचे. जोडनळीच्या दोन्ही तोंडांना छोटे कॉक हवेत. ते नंतर बसवून घेतले, आता टाकी काढणे सोपे झाले आहे. रिझर्व्ह किती हे कॉकच्या आतल्या उभ्या नळीच्या उंचीवर ठरते. एकेक लिटर ओतत पट्टीवर खुणा करून घ्या आणि नळी त्या मापाने कापा. अंदाजाने कापलेल्या नळीत रिझर्व्ह अर्ध्या लिटरवरही येते.

झाकणाला श्वास हवा. छिद्र बुजले तर गाडी पंधरा-वीस मिनिटे उत्तम चालते, मग अडखळून बंद पडते. झाकण उघडले की फुस्स आवाज येतो आणि गाडी परत सुरू होते. लक्षण असे असेल तर कार्ब्युरेटर खोलत बसू नका. पत्र्याच्या सपाटीत बसणारे झाकण दिसायला छान, पण त्याभोवतीच्या खोबणीत पावसाचे पाणी साचते. तिथून ६ मिमीची निचऱ्याची नळी टाकीतूनच खाली काढलेली असावी. या टाकीत ती आहे आणि पावसाळ्यात पेट्रोलमध्ये पाणी आले नाही. उन्हाळ्यात मात्र गळ्यापर्यंत भरून गाडी उन्हात लावली की झाकणाशी ओल दिसते. १० लिटर पेट्रोल २५ अंशांनी तापले तर पाव लिटरच्या आसपास फुगते. टाकी लहान असो की मोठी, वर पाच टक्के जागा सोडावी.

आतल्या लेपावर लोक भांडतात, तेव्हा स्पष्टच बोलतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे आणि इथेनॉल पाणी ओढते. पाणी जास्त झाले की इथेनॉलसह वेगळे होऊन तळाला बसते, आणि तळालाच आपले जोड असतात. चांगला लेप हवाच, पण वाईट लेपापेक्षा कोरा पत्रा बरा, कारण सुटलेले पापुद्रे कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे (जेट) बंद करतात. जुन्या पद्धतीचे बरेच सीलर अल्कोहोलमध्ये मऊ पडतात. दोन भागांचा, अल्कोहोलला टिकणारा इपॉक्सी नोव्होलॅक लेप घ्यावा, अडीचशे मिली पुरतो. त्याआधी कॉस्टिकने तेल काढणे, नटबोल्ट घालून टाकी हलवणे, पातळ फॉस्फोरिक ॲसिड, भरपूर पाणी, आणि पूर्ण वाळवणे. कॉकच्या आट्यात ग्रीस लावलेला बोल्ट फिरवून ठेवा, नाहीतर आटाच बुजेल. लेप सगळीकडे फिरवून उरलेला ओतून टाका. कोपऱ्यात साचलेला जाड लेप आतून कच्चा राहतो. बाकी पेट्रोलची नळी आणि झाकणाचे वायसर विटॉन रबराचे घेतले आहेत. साधे रबर फुगते.

रंगात इपॉक्सी प्रायमर, बेस आणि वर टू-के पीयू क्लिअर (दोन भागांचा पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर). एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग स्वस्त पडतो, पण पंपावरचा एक ओघळ त्याला पुरतो. पावसाळ्यानंतर वरचा रंग आहे तसा आहे. दुखणे खाली निघाले: पुढच्या रबराखाली रंगाला फुगे आले होते. रबर पाणी धरून ठेवते आणि टनेलच्या आत गनचा फवारा नीट पोहोचत नाही. तिथे प्रायमर ब्रशने दोन हात मारावा, तोही जोड घासून स्वच्छ केल्यावर. ही टाकी खरवडून तसेच केले आहे. कोकणात खारी हवा असते, तिकडच्या गाड्यांनी दिवाळीला एकदा टाकी उतरवून खालची बाजू बघावीच.

कायद्याचेही लक्षात असू द्या: मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीतील बदलांवर बंधने घालते. आरटीओत आधी विचारा आणि मूळ टाकी विकू नका. इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीला वरचा हिशेब पुरत नाही. तिथे पंप टाकीत बसतो आणि त्याच्या बैठकीची सपाटी हाताने साधणे फार अवघड.

खर्चात पत्रा, वायर आणि गॅस मिळून थोडेच. बहुतेक पैसे घडाईच्या तासांचे आणि ते रास्त आहेत. फक्त दिखाव्यासाठी हवी असेल तर तयार दाबलेली टाकी घ्या. बसण्याच्या ठेवणीनुसार मापाची हवी असेल तर ही घ्यावी, माझे मत तिच्या बाजूने आहे.

पुढे कधी पाझर सुटला तर एम-सीलने दिवस ढकलू नका, आणि वापरलेली टाकी ‘रिकामी आहे’ म्हणून वेल्डिंगच्या टॉर्चखाली तर कधीच देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त भडकते. आधी साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा धुणे, कॉक आणि झाकण काढून उघडी ठेवणे, मग छिद्र वर येईल अशी धरून त्याच्या खाली दोन बोटांपर्यंत पाणी भरणे, उरलेल्या जागेत आर्गॉन सोडणे, आणि मगच टिग. जोड मारल्यावर तिथला आतला लेप जळालेला असतो, तेवढा भाग परत लेपावा लागतो.