मसाई मारा: फाटकाबाहेरचा तंबू की कॉन्झर्व्हन्सीतला?

केनियात मसाई माराला जायचे आणि तंबूतच मुक्काम करायचा, एवढे ठरल्यावर खरा प्रश्न उरतो तो तंबू कुठला निवडावा याचा. मारा राखीव क्षेत्राच्या सेकेनानी किंवा तालेक फाटकाबाहेरच्या कॅम्पमधला घ्यावा, की त्या क्षेत्राला लागून असलेल्या नाबोइशो, ओलारे मोतोरोगी अशा एखाद्या कॉन्झर्व्हन्सीतला, म्हणजे मसाई कुटुंबांच्या जमिनीवर राखलेल्या जंगलातला? मी दोन्हीकडे राहिलो आहे.

तंबूतील सोयींवरून निवड करू नये, असे मला वाटते. ऐसपैस पलंग, जोडून न्हाणीघर आणि रात्री अंथरुणात ठेवलेली गरम पाण्याची पिशवी दोन्हीकडे मिळते. मारा दीड हजार मीटरहून उंचावर असल्याने त्या पिशवीची किंमत पहाटे कळते. कॉन्झर्व्हन्सीतील काही कॅम्पमध्ये अंघोळीचे पाणी सांगितल्यावरच तापवून वर चढवतात, ज्यांना ते गैरसोयीचे वाटेल त्यांनी आधी विचारून घ्यावे. शाकाहारी जेवण मात्र फाटकाबाहेरच सरस मिळाले, बहुधा तिथल्या स्वयंपाक्याला आपल्याकडच्या मंडळींची सवय असावी.

माझा कौल फिरला तो फाटकावरच्या खोळंब्यामुळे. फाटक सकाळी 6 वाजता उघडते, पण म्हणून आपली गाडी 6 वाजता आत जाते असे नाही. तिकिटे आणि माणसे पडताळून होईपर्यंत पुढे गाड्यांची रांग असते, खिडकीशी मण्यांच्या माळा विकणाऱ्या मसाई बायका असतात, आणि सिंह-चित्ते हिंडते असण्याची ती कोवळ्या उन्हाची वेळ धुरळ्यात बसून सरते. ताडोब्याच्या मोहर्ली फाटकावर ताटकळलेल्यांना ही चडफड वेगळी सांगायला नको. संध्याकाळीही तेच, कारण 2024पासून तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एवढ्याच वेळेपुरते चालते आणि ऐन रंगात आलेले दृश्य सोडून चालकाला गाडी वळवावी लागते. कॉन्झर्व्हन्सीत तंबूतून निघालो की आपण जंगलातच असतो. शिवाय तिथे रात्रीची फेरी आणि मसाई वाटाड्यासोबत पायी हिंडणे शक्य असते, या दोन्ही गोष्टींना राखीव क्षेत्रात परवानगी नाही. ओलारे मोतोरोगीत तर साधारण 700 एकरांमागे एकच तंबू, असा नियम पाळतात, त्यामुळे एका बिबट्याभोवती गाड्यांचा गराडा मला तिथे दिसला नाही.

अर्थात हे स्वस्त नाही. ही जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची असून तिचे भाडे पाहुण्यांच्या पैशातून दिले जाते, आणि मला तरी तिथला मुक्काम फाटकाबाहेरच्यापेक्षा दुपटीहून महाग पडला. दुसरे असे की, जुलै ते ऑक्टोबरमध्ये विल्डबीस्ट या हरणवर्गीय प्राण्यांचे कळप मारा नदी ओलांडतात ते प्रसिद्ध घाट राखीव क्षेत्रात आहेत. कॉन्झर्व्हन्सीतून तिथे जायला वेळ लागतो आणि राखीव क्षेत्राचे शुल्क सहसा वेगळे भरावे लागते, जे परदेशी प्रौढांसाठी वर्षाच्या उत्तरार्धात दिवसाला 200 डॉलर आहे. केवळ नदीसाठीच जाणाऱ्यांनी फाटकाजवळचा तंबू घेतला तर त्यात काही वावगे नाही.

दोन्हीकडे राहण्याइतके दिवस हाताशी असतील, तर आधी फाटकाबाहेर राहून नदी उरकावी आणि मग कॉन्झर्व्हन्सीत जावे. उलट क्रमाने गेल्यास ती रांग फारच जाचते.