तेराव्या महिन्यात बंद पडलेला लॅपटॉप: १९१५ आणि ई-जागृती कितपत उपयोगाचे?

वॉरंटी संपून तीन आठवडे होतात आणि लॅपटॉप सुरूच होत नाही. सर्व्हिस सेंटरवर उत्तर ठरलेलं: "मदरबोर्ड गेलाय, पीरियड संपलाय, पैसे पडतील." इथे सोलापुरातले बहुतेक ग्राहक निमूट पैसे भरतात, नाहीतर मशीन कपाटात ठेवून देतात. त्याआधी दोन सरकारी सेवा वापरायलाच हव्यात: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार भरायचं ई-जागृती पोर्टल. दोन्ही उपयोगी आहेत, पण हातात कागद असतील तरच.

पहिल्यांदा वॉरंटी खरंच संपलीय का ते बघा. कंपनीच्या वेबसाइटवर सीरियल नंबर टाकल्यावर दिसणारी तारीख बरेचदा माल कंपनीतून निघाल्यापासून मोजलेली असते. मशीन दुकानात दोन महिने पडून राहिलं असेल तर ते दोन महिने तुमचे कापले जातात. पक्कं बिल पाठवून तारीख दुरुस्त करून मागा. बिलावर सीरियल नंबर हवाच. नवी पेठेत खरेदी करताना कच्च्या पावतीवर थोडे पैसे वाचतात खरे, पण पुढे हा पुरावाच राहत नाही. आणखी एक चूक इथल्या व्यापाऱ्यांकडून हमखास होते: जीएसटी क्रेडिटसाठी बिल फर्मच्या नावावर घेणं. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने 'ग्राहक' ठरत नाही. पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे, पण ते त्याला पटवून द्यावं लागतं.

सेंटरला नेण्यापूर्वी चार्जर काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. मशीनचा आवाज येतोय पण स्क्रीन काळी असेल तर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं तर दोष बहुधा स्क्रीनचा किंवा डिस्प्ले केबलचा असतो, आणि नुसती केबल बदलायला मदरबोर्डाच्या मानाने फार कमी खर्च येतो.

आता जॉबशीट, म्हणजे सर्व्हिस सेंटर मशीनचा दोष लिहून देतं तो कागद. सगळं प्रकरण याच कागदावर उभं राहतं किंवा पडतं. 'नो पॉवर' एवढ्या दोन शब्दांवर सही करू नका. कोणता भाग गेला, का गेला, पाणी सांडल्याची किंवा आपटल्याची खूण आहे की नाही, हे लिहून घ्या. मशीन उघडतील तेव्हा पंख्याच्या जाळीचा फोटो मागा. यंत्रमागाच्या भागात कापसाची लव तिथे नमद्यासारखी बसते, त्यात एप्रिल-मेचं ४२ अंशांचं ऊन. कंपनी सगळं खापर देखभालीवर फोडते. जाळी स्वच्छ असेल तर तो फोटो तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे. आधी बाहेरच्या मेकॅनिककडे उघडून घेऊ नका, नाहीतर 'छेडछाड केली' हे उत्तर तयारच असतं.

१९१५ वर मराठीत बोलता येतं, एक पैसा लागत नाही. तक्रारीला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, मिळतो आणि ती कंपनीच्या तक्रार विभागाकडे जाते. मोठ्या ब्रँडच्या बाबतीत हा मार्ग चांगला. वॉरंटीनंतर थोड्याच दिवसांत बिघाड झाला असेल तर कंपनी अपवाद म्हणून पार्ट फुकट देऊ शकते. मागणीत तसं स्पष्ट लिहा. मात्र हेल्पलाइनला आदेश द्यायचा अधिकार नाही. कंपनीने नाही म्हटलं की तिचं काम तिथेच थांबतं.

पुढचा रस्ता ई-जागृतीचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. डेल, एचपी, लेनोवो यांची कार्यालये बेंगळुरूत असली तरी सोलापूरकराला तिकडे जावं लागत नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य, वकील सक्तीचा नाही, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. त्याआधी स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस पाठवलेली बरी. तक्रार, तारखांचा तक्ता, प्रतिज्ञापत्र, बिल, जॉबशीट, ईमेल यांच्या पीडीएफ लागतात. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा. पोर्टल मात्र सोपं नाही. पहिल्यांदा भरणाऱ्याने सवडीने एक संध्याकाळ राखून ठेवावी. कायद्याने ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हायचा असतो. त्या तारखांवर विसंबून राहू नये.

नुसतं 'लवकर बिघडलं' म्हणून आयोग पैसे परत देत नाही. दोष मुळातला होता हे दाखवावं लागतं. वॉरंटीत असताना त्याच तक्रारीचं एखादं जॉबशीट झालेलं असेल तर बाजू फारच भक्कम होते, म्हणून बारीक तक्रारही तोंडी सांगून सोडू नका. गरज वाटली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवतो. तिची फी तक्रारदाराला आधी भरावी लागते आणि अहवालाला ४५ दिवसांची मुदत असते. काम अडल्यामुळे पदरच्या पैशाने मदरबोर्ड बदलून घेत असाल तर जुना बोर्ड परत हवा, हे दुरुस्तीआधीच लेखी सांगा. सेंटर तो ठेवून घेतं, आणि मग प्रयोगशाळेला तपासायला काही उरत नाही.