पायथनमध्ये प्रिंट की लॉगिंग?

प्रोग्रॅम चालताना आत काय घडतंय हे कळण्यासाठी दहा ओळींच्या स्क्रिप्टला प्रिंट, म्हणजे मजकूर पडद्यावर छापणारी आज्ञा, पुरे. पण प्रोग्रॅम सर्व्हरवर रात्रंदिवस चालणार असेल, तर मी लॉगिंगच, म्हणजे घडामोडींची पातळीवार नोंद, निवडेन.

प्रिंटला ‘फाइल उघडली’ आणि ‘डेटाबेस तुटला’ या दोन्ही ओळी सारख्याच. नको झाल्या की एकेक शोधून पुसायच्या, बिघाड झाला की पुन्हा लिहायच्या. २००३ च्या पायथन २.३ पासून सोबत मिळणाऱ्या लॉगिंग मॉड्यूलमध्ये प्रत्येक संदेशाला पातळी असते: डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. उंबरठा एकाच जागी ठरवायचा, त्याखालचं सगळं गप्प. आपल्या लॅपटॉपवर डीबग, सर्व्हरवर इन्फो; बाकी कोडला हात लावायचा नाही.

नवख्यांची हमखास फसगत इथे होते: मूळ लॉगरचा (संदेश नोंदवणाऱ्या मुख्य घटकाचा) उंबरठा वॉर्निंग असतो, म्हणून इन्फोचे संदेश दिसतच नाहीत. लॉगिंगची मांडणी ठरवणाऱ्या बेसिककॉन्फिग फंक्शनमध्ये पातळी बदला. चूक झाल्यावर चालणाऱ्या एक्सेप्ट ब्लॉकमध्ये लॉगरची एक्सेप्शन मेथड जरूर वापरा. ती एरर पातळीवर संदेशासोबत पूर्ण ट्रेसबॅक, म्हणजे चूक कोडच्या कोणत्या ओळींतून आली तो माग, नोंदवते. ऐन मध्यरात्री बिघाड शोधताना याची किंमत कळते.

प्रोग्रॅमचं उत्तरच छापायचं असेल, पाइपमधून दुसऱ्या कमांडला द्यायचं असेल, तिथे मात्र प्रिंटच योग्य.