न्यायाधीश निवडायचा कसा: टेक्सास की मिझुरी?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात जिल्हा न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर उभा राहतो. आठ वर्षांची वकिली किंवा न्यायदानाचा अनुभव लागतो, मुदत चार वर्षांची. प्रचारात आश्वासनं ठरलेली: तुंबलेले खटले निकाली काढीन, कोर्टात सगळ्यांना मान मिळेल. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) मतपत्रिका उघडली की न्यायाधीशांची नावं संपता संपत नाहीत. इतक्यांची पात्रता कोण तपासणार? मग नावापुढचा पक्ष बघून शिक्का. 2018 साली तिथले रिपब्लिकन न्यायाधीश सरसकट पडले. त्यांत चांगले-वाईट असा भेद कुणी केला असेल असं मला वाटत नाही. गंमत म्हणजे 'काउंटी जज'ला, म्हणजे काउंटीच्या कारभाराच्या प्रमुखाला, कायद्याची पदवीही सक्तीची नाही.

मिझुरीने 1940 साली वेगळी वाट धरली. सेंट लुईस, कॅन्सस सिटीसारख्या भागांत आयोग अर्ज छाननी करून तीन नावं देतो, गव्हर्नर एक नेमतो. किमान वर्षभर काम झाल्यावर मतदारांना एकच प्रश्न: ठेवायचा की नाही? बहुतेक राहतातच. आयोगात वकिलांचं वजन जास्त, ही तक्रार खरी आहे. तरी माझा खटला असेल तर मी मिझुरीचाच न्यायाधीश मागेन. निकाल देताना त्याला पुढच्या प्रायमरीची, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीची, धास्ती नसते.